हिरव्या लुगड्याचा हत्ती

चुलीवरच्या पातेल्यात दोन अस्वलं आणि एक ससा उकळत होता. केसरबाई काठीनं त्यांना पाण्याखाली दाबत होती.

"बुड की मुडद्या," ती सशाला म्हणाली. "कान वर काढून काय बघायलास?"

सून शिवकन्येच्या मांडीवर बसलेली नात चिऊ खदखदून हसली. दारात पुस्तक घेऊन बसलेल्या अयोध्येनं पान उलटलं. मागचं पान वाचून झालेलं नव्हतं. आपली आई कापडाच्या सशाशी बोलू शकते, हे तिला वयाच्या चाळिशीत कळत होतं. ती अंबाजोगाईच्या कॉलेजात शिकवायची आणि उन्हाळ्याच्या सुट्टीला माहेरी आली होती. लहानपणापासून तिला आईचा एकच आवाज माहीत होता, कामं सांगायचा. हा दुसरा आवाज घरात होता तर इतकी वर्षं कुठं ठेवला होता?

चिऊच्या तोंडात बुरशी धरली होती. जीभ, गाल आतून पांढरेफटक. औषधानं जायची आणि पुन्हा यायची. धारूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, लेकरू जे जे तोंडात घालतं ते उकळा, कडक उन्हात वाळवा. उकळण्याच्या बाबतीत केसरबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. गावातल्या बायकांची दूध संस्था तिनं उभी केली होती. गाव तिला चेअरमनबाईच म्हणायचं. दुष्काळानं जनावरं चारा-छावणीत गेली, संस्थेत जेमतेम दोन कॅन दूध यायला लागलं, तरी रिकाम्या कॅनवर उकळतं पाणी ओतल्याशिवाय ती घरी येत नसे.

"आत्या, हत्ती ऱ्हायला," शिवकन्या सासूला म्हणाली.

"ऱ्हाऊ दे. त्यो एकटा अख्खी घागर पितोय, अन् टँकरचा पत्ता न्हाई. फडक्यानं पुसून उन्हात टाकते. माझंच लुगडं हाय ते, त्यानं काय व्हतंय?"

हत्ती केसरबाईनं स्वतः शिवला होता. चिऊचा सगळ्यात लाडका. सोंड सदा तिच्या तोंडात. अयोध्येला त्यात फक्त लुगडं दिसलं. हिरवं, बारीक काठाचं. दसरा झाला की आई-बाप ऊसतोडीला निघायचे. धाकटा रामकिसन अंगावर पिता होता म्हणून तो आईच्या मांडीवर ट्रकमध्ये बसायचा, आणि अयोध्या शाळेसाठी आजीजवळ राहायची. ट्रकच्या फळीवरून दिसणारं ते हिरवं लुगडं लहान होत जायचं. पोरगी नशीबवान, शिकली, असं सगळे म्हणायचे. तीही तसंच म्हणायची.

"हत्ती छान झालाय," ती आता म्हणाली. "मला नाही कधी शिवलास."

"तुला कावून हत्ती?" केसरबाई पातेल्यात बघत म्हणाली. "तुला पुस्तक दिलं की तू गप."

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेच्या ओट्यावर कॅन धुता धुता केसरबाई मटकन खाली बसली ती उठलीच नाही. शेजारची छबुबाई सांगत आली तेव्हा चुलीवर चहा होता.

माणसं येत राहिली. बायका शिवकन्येला पोटाशी धरून रडायच्या. "लेकीवानी जपलं गं तुला चेअरमनबाईनं!" शेजारीच बसलेल्या अयोध्येला त्या म्हणायच्या, "तू शिकलेली हायस, धीर धर." आईसाठी मोकळं रडायचा मानसुद्धा सुनेकडं गेला, असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याची लाज वाटली, आणि तरी वाटायचं थांबलं नाही.

अंगणातल्या दोरीवर हत्ती तसाच लटकत होता. आईनं टाकलेला. अयोध्येनं तो काढला, आत नेला आणि नाकाला लावला. मिश्री, चुलीचा धूर, दूध. आईच होती ती. तिनं हत्ती आपल्या बॅगेत साड्यांखाली ठेवला.

चिऊ हत्तीसाठी ओरडायची. शिवकन्येनं घर पालथं घातलं.

"कुत्र्यानं वढून नेला असंल," रामकिसन म्हणाला. "आक्का, तू बघितलास का?"

"नाही," अयोध्या म्हणाली. याला आई मिळाली, याच्या लेकीला आई मिळाली. मला एवढं तरी.

त्या दिवसांत चिऊचं तोंड मात्र स्वच्छ झालं. "आत्या बघायला पायजे व्हत्या," शिवकन्या डोळे पुसत म्हणायची.

तेरावा झाला. एका दुपारी चिऊ इतकी रडली की तिचा श्वासच कोंडला. अयोध्येला राहवलं नाही. बॅगेतून हत्ती काढून तिनं पोरीपुढं धरला.

"माझ्या साड्यांत गुंडाळला गेला होता," ती म्हणाली.

शिवकन्येनं एकदा हत्तीकडं पाहिलं, एकदा नणंदेकडं. चिऊनं सोंड तोंडात घातली आणि गप झाली. अयोध्येला आपल्या हातातलं कुणी हिसकून नेल्यासारखं वाटलं.

आठवडा गेला नाही तोच जीभ पुन्हा पांढरी.

"मी समदं उकळते ओ ताई," शिवकन्या रडकुंडीला आली. "औषध देते, पाजायच्या आधी माझ्या छातीला मलम लावते. आत्या करायच्या तस्संच करते."

तस्संच. अयोध्या उभीच राहिली. हत्ती नव्हता तेव्हा तोंड बरं झालं होतं. हत्ती आला आणि आजार आला. आईनं सगळं उकळलं आणि पाणी वाचवायला नेमका हाच सोडला होता.

"हत्तीतच आहे ते," चिऊजवळचा हत्ती उचलून घेत ती म्हणाली. आणि लगेच, जणू शब्द तोंडात तयारच होते, "मी घेऊन जाते याला अंबाजोगाईला. नजरेआड झाला की विसरेल ती."

किती बरोबर होतं! पोरगी बरी झाली असती आणि मिश्रीचा वास साड्यांखाली राहिला असता. कुणी नावं ठेवली नसती.

"न्या की," शिवकन्या म्हणाली. "तुमच्या मायचं लुगडं हाय. तुमचा पैला हक्क. मला ठावंच व्हतं, तुमच्यापाशीच हाय म्हणून. इचारलं न्हाई. म्हनलं, ठिवू द्या."

कडेवरच्या चिऊनं हत्तीकडं दोन्ही हात केले. अयोध्या एक पाऊल मागं सरली, हत्ती छातीशी धरून. पोरीचे हात तसेच पुढं राहिले. रडली नाही ती. नुसती बघत राहिली, निघालेल्या माणसाकडं बघावं तशी.

"टँकर आलाय का आज?" अयोध्येनं विचारलं.

"आलाय. दोन घागरी भरल्यात."

"एक चुलीवर ठेव. सगळी."

ब्लेडनं तिनं हत्तीच्या पोटाची शिवण उसवली. टाके बारीक, एकसारखे. आत आपल्या एखाद्या जुन्या फ्रॉकची चिंधी असेल, असं तिला वाटून गेलं, आणि ती हळूहळू, शोधत शोधत उसवत राहिली. आत कापूस होता आणि संस्थेतलं दूध गाळायचं जुनं फडकं. बाकी काही नाही.

"भरायला नवा कापूस लागेल," ती म्हणाली.

"शेजारच्या भामाबाईकडून आणते." शिवकन्या चिऊला घेऊन उठली आणि उंबऱ्यातच थांबली.

अयोध्येनं साबणाचा तुकडा आणि लुगड्याचं रिकामं कातडं पातेल्यात सोडलं. पाणी हिरवट झालं. वाफेबरोबर मिश्रीचा वास एकदम वर आला, इतका दाट की तिनं मागं वळून पाहिलं. मग तो विरळ झाला. मग नुसता साबण. सोंड फुगून वर आली. तिनं काठीनं ती खाली दाबली आणि दाबूनच धरली.

"मी ट्रकच्या मागं पळत आलते, माय," ती मोठ्यानं म्हणाली. "पार वेशीपर्यंत. तुझ्या मांडीवर रामकिसन व्हता, तू बघितलंच न्हाईस. मला बी न्यायचं व्हतंस."