तारेच्या पिंजऱ्यातला बास

जावयाच्या अंगावरचा तो सदरा दिसला की मेव्हिस थ्रॅशरच्या घशाशी सकाळची ग्रेव्ही यायची. सदऱ्याच्या पाठीवर, पोटावर, बाह्यांवर, अगदी कॉलरवरसुद्धा गळवाल्यांची, दोरवाल्यांची, गॉगलवाल्यांची नावं. त्यातल्या एकाही कंपनीला कोल्बी रॅग्सडेल नावाचा माणूस पृथ्वीवर आहे हे ठाऊक नव्हतं. सदरा त्याने स्वतःच छापून घेतला होता.

कोल्बी मासे पकडण्याचे व्हिडिओ करायचा. ‘छोटी तळी, मोठे मासे’ असं त्याच्या कार्यक्रमाचं नाव. अलाबामात घरटी एक तळं असतं, त्यामुळे बघणारे पुष्कळ होते. मार्चपासून दर शनिवारी तो आणि मेव्हिसची मुलगी टॅम्रा मेव्हिसच्याच घरामागच्या तळ्यावर येऊन ठाण मांडायचे. टॅम्राच्या हातात कॅमेरा. कोल्बी काठावर उभा राहून, पन्नास पावलांवरच्या गाईही माना वर करतील एवढ्या मोठ्याने ओरडायचा, “बाप रे बाप! काय धूड आहे बघा, दोस्तांनो!”

सुरुवातीला मेव्हिसने चालवून घेतलं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि टॅम्रा एरवी नाताळ सोडला तर फिरकत नसे. पण दर रविवारी सकाळी मेव्हिस तळ्याला फेरी मारायची तेव्हा गवतात तुटक्या दोराची भेंडोळी, रबरी आमिषांचे तुकडे आणि एनर्जी ड्रिंकचे डबे सापडायचे. एकदा एका भेंडोळ्यात अडकून मेलेलं कासव सापडलं. पायाला दोर असा काचला होता की आतलं हाड दिसत होतं. मेव्हिसने ते फावड्यावर घेतलं, पुरलं, आणि घरात येऊन कोपरापर्यंत हात धुतले.

ती स्वतः मासे पकडायची ते गुपचूप. तळं जेमतेम पाऊण एकराचं. एवढ्याशा पाण्यात माशाला काठावरचं पाऊलसुद्धा कळतं. ती रबरी बूट घालून, वाकून, आपली सावली पाण्यावर पडणार नाही अशा बेताने जायची. गळाची एकच जुनी काठी, दोराला पुढे गोळीएवढं शिसं आणि बोटभर लांबीचं काळं रबरी गांडूळ. गळाचं टोक गांडुळाच्याच अंगात खुपसून लपवलेलं, म्हणजे शेवाळात अडकत नाही. आधी काठाला लागून टाकायचं, मग बांधाच्या कडेने, सगळ्यात शेवटी मध्ये. आणि टाकल्यावर ओढायचं नाही. गांडूळ बुडू द्यायचं, दोराकडे बघत राहायचं. बास मासा घेतो तो बहुतेक वेळा आमिष बुडतानाच. दोर नुसता टिचकी मारल्यासारखा उडतो. ज्याचं लक्ष नाही त्याला तेही कळत नाही.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी, संध्याकाळच्या जेवणाची भांडी आवरून ती अशीच लाकडी फळ्यांच्या धक्क्यावर गेली. अजून चांगला उजेड होता. तिसऱ्या फेकीला गळ धक्क्याच्या खांबापाशी अडकला. तिने गुडघ्यावर बसून हात घातला, तर हाताला जाडजूड दोरी लागली. दोरी खांबाला पाण्याखाली बांधलेली. तिने ती ओढली.

वर आला तारेचा पिंजरा. आत बास होता.

चांगला हातभर मोठा. एके काळी साडेचार-पाच किलोंचा असावा. आता डोकं तेवढं मोठं राहिलं होतं, पोट पाठीला लागलेलं. तारेवर घासून नाकाडाची कातडी गेली होती आणि त्या जागी कापसासारखी पांढरी बुरशी चढली होती. एक डोळा दुधाळ. खालच्या ओठाला गळाची भोकं किती, तर ती एकमेकांत मिसळून ओठाची नुसती चिंधी लोंबत होती. शेपटीच्या वरच्या टोकाला चंद्रकोरीसारखा तुकडा गायब. मेव्हिसने पिंजऱ्याचं दार उघडलं तसा एक आंबूस, सडका भपका आला आणि तिला तोंड फिरवावं लागलं. मासा मेलेला नव्हता. कल्ले अजून हलत होते.

मोकळा सोडावा तर तो जगणार नव्हता. तिने तिथलंच लाकूड घेतलं आणि त्याच्या डोक्यात एक नेमका घाव घातला.

मग ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसली आणि फोनवर कोल्बीचे व्हिडिओ लावले. टॅम्रा दर आठवड्याला ते पाठवायची, मेव्हिस कधी उघडत नसे. पहिल्यात कोल्बी म्हणत होता, तो काकांच्या शेतावरच्या तळ्यात आहे. दुसऱ्यात तो जॉर्जियात होता. तिसऱ्यात ‘एका गुप्त ठिकाणी’. प्रत्येक वेळी मागे तिच्याच बांधावरचं स्वीटगमचं झाड, आणि प्रत्येक वेळी हातात तोच मासा. शेपटीला तीच कोर. चौथ्या व्हिडिओपर्यंत डोळा दुधाळ झाला होता. त्यापुढे कोल्बी मासा दुसऱ्या कुशीवर धरायला लागला होता.

पाचव्यात कॅमेऱ्यामागून टॅम्राचा हसण्याचा आवाज आला. “जरा वळवून धर, फाटका ओठ दिसतोय,” असं ती म्हणाली होती. ते कापायचं राहून गेलं होतं.

मेव्हिस उठली, धक्क्यावरून तो मासा आणला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून बर्फात ठेवला.

शनिवारी कोल्बी आणि टॅम्रा दोघंच आले नाहीत. बरोबर डोझियर नावाचे गृहस्थ होते, मोबील शहरातले. हॅट, बोटात अंगठ्या, कपाळावर घाम. त्यांच्या कारखान्यात गळाला आमिष म्हणून लावायचा प्लॅस्टिकचा बेडूक बनायचा, पाण्यावर ओढला की पाय भिरभिरणारा. आज ते डोळ्यांनी पाहायला आले होते: कोल्बी त्यांच्या बेडकावर पाच फेकींत मोठा बास काढून दाखवणार होता.

“मिस मेव्हिस, आज तुमच्या तळ्याचं नशीब उघडणार बघा!” कोल्बी ओरडला; तिकडे वडीलधाऱ्या बाईला सगळे असंच ‘मिस’ म्हणतात. मग ‘जागा बघून येतो’ म्हणत तो धक्क्याकडे निघाला.

“थांब,” मेव्हिस म्हणाली. “जे शोधायला चाललायस ते इकडे आहे.”

तिने शीतपेटी उघडली, वर्तमानपत्रात गुंडाळलेला मासा काढला आणि कोल्बीच्या गाडीच्या मागच्या फळीवर, त्याच्या चकचकीत काठ्यांशेजारी, उलगडून ठेवला. बर्फातही वास यायचा तो आलाच.

“साहेब,” ती डोझियरना म्हणाली, “हा याचा मोठा बास. काकांच्या तळ्यातला हाच, जॉर्जियातला हाच. पिंजऱ्यात ठेवायचा, शनिवारी गळाला अडकवायचा, वर ओढायचा आणि परत पिंजऱ्यात. सात आठवडे. बघा ना ओठ, नीट जवळून बघा.”

कोल्बीचा चेहरा बीटासारखा झाला. “मिस मेव्हिस, तुम्हाला यातलं काही कळत नाही. हे... हे सगळेच करतात!”

मेव्हिसची अपेक्षा होती की डोझियर आता गाडीत बसतील. निदान तोंड वाकडं करतील. डोझियरनी रुमाल नाकाला लावला, माशाकडे पाहिलं आणि पोट हलेपर्यंत हसले.

“अरे बाबा,” ते कोल्बीला म्हणाले, “दोन-तीन ठेवायचे असतात. आलटूनपालटून. एकच वापरला की असा चेचला जातो.”

मेव्हिसने मुलीकडे पाहिलं. टॅम्रा कॅमेऱ्याच्या पट्ट्याशी चाळा करत होती.

“तुला माहीत होतं.”

“आई, मासा आहे तो. तू तळून खातेसच ना?”

“खाते. मारते आणि खाते. छळत नाही.”

“झालं तुझं सुरू! तुला कुणाचं काही चांगलं झालेलं बघवतच नाही. एवढं असेल तर तूच काढून दाखव ना पाच फेकींत. भर दुपारी. जमतंय का बघू.”

इथेच मेव्हिस चुकली. हे तिला नंतर पुष्कळदा वाटलं. तिने त्या तिघांना फाटकाबाहेर काढायला हवं होतं. पण डोझियर हसत होते, जावई हसण्याच्या बेतात होता, आणि तिच्या मनात आलं, दाखवतेच यांना.

ती आपली काठी घेऊन आली. डोझियरनी बेडूक पुढे केला, तो तिने घेतला नाही. उन्हात मासे कुठे दडतात ते तिला पाठ होतं: बांधालगतच्या नळाशी, जिथे जास्तीचं पाणी बाहेर जातं आणि विलोच्या झाडाची सावली पडते. ती गुडघे वाकवून गवतातून गेली. पहिली फेक काठालगत. काही नाही. दुसरी सावलीच्या कडेला. तिसरी नळापासून वीतभर. गांडूळ बुडायला लागलं. दोर हलकेच बाजूला सरकला, कुणी खालून बोटाने ओढल्यासारखा. तिने दोराची ढील गुंडाळली, काठी खाली नेली आणि कंबरेतून झटका दिला.

पाणी फुटलं. बास तोंड वासून हवेत उडाला, डोकं झाडत. ती काठी खाली दाबून त्याला शेवाळाबाहेर वळवत राहिली, आणि चार-पाच मिनिटांनी हात ओला करून, अंगठा खालच्या ओठात घालून तिने त्याला उचललं. जाड, हिरवागार, निरोगी. तीन किलो सहज. तेवढ्या क्षणी ती हसली. मनापासून, तोंडभर हसली. मग मासा पाण्यात सोडला आणि वळली, तर टॅम्राच्या डोळ्याला कॅमेरा होता.

“झकास!” डोझियर म्हणाले.

“आता निघा,” मेव्हिस म्हणाली. “सगळे.”

त्याच दुपारी तिने फाटकाला साखळी घातली. शनिवारी टॅम्रा एकटी आली तरच ती सोडायची.

जूनमधल्या एका बुधवारी चर्चच्या जेवणात नेव्हा ली नावाच्या शेजारणीने बटाट्याचं सॅलड वाढतावाढता तिचा दंड दाबला. “काय गं, छुपी रुस्तम! त्या बेडकावर काय मासा काढलास! आमच्या ह्यांनी दोन मागवले.”

“कुठल्या बेडकावर?”

नेव्हा लीने फोन काढून दाखवला. मेव्हिस वाकून गवतातून जाते. मग कुणाच्या तरी केसाळ हातातला हिरवा बेडूक पाण्यावर पडतो, पाय भिरभिरतात. मग पाणी फुटतं, आणि मेव्हिस मासा धरून हसते. आवाज कोल्बीचा: “आमच्या सासूबाईंनाही जमलं, दोस्तांनो, तर तुम्हाला का नाही?”

मेव्हिसने ताटली तशीच ठेवली आणि गाडीत जाऊन मुलीला फोन लावला.

“ते काढून टाक.”

“आई, अगं चार लाख लोकांनी पाहिलंय! लोकांना तू आवडतेस. खाली काय काय लिहिलंय वाच तरी. किती गोड आजी, म्हणतात.”

“तो बेडूक माझ्या हातातसुद्धा नव्हता, टॅम्रा.”

“मासा तर खरा होता ना? मग? तुला खरं तेच हवं होतं ना, खरं दाखवलं.”

रागावण्यापलीकडचं काहीतरी होतं ते. पिंजरा उघडल्यावर आला होता तसलाच भपका फोनमधून येतोय असं मेव्हिसला वाटलं. “शनिवारी येऊ नकोस,” एवढंच ती म्हणाली. टॅम्रा आली नाही. पुढच्या शनिवारीही नाही. व्हिडिओ मात्र तिथेच राहिला.

त्यानंतर मेव्हिस जो भेटेल त्याला सांगत सुटली: बँकेतल्या बाईला, पाद्र्यांना, पेट्रोल भरणाऱ्याला. लोक ऐकून घेत आणि तिच्याकडे कौतुकाने बघत. लाजते बिचारी, असं त्यांना वाटायचं.

ऑगस्टमध्ये ती हर्शेलच्या गळ-आमिषांच्या दुकानात शिसं आणायला गेली. रातकिड्यांच्या पेट्या, जिवंत माशांच्या टाक्या, त्यांचा तो ओलसर वास. चाळीस वर्षं ती तिथे जात होती. काउंटरपाशी नवी मांडणी होती, शंभरेक बेडूक टांगलेले. प्रत्येक पाकिटावर तिचं हसू होतं. खाली छापलं होतं, ‘आजीचा हुकमी बेडूक’.

“हर्शेल, हे उतरव.”

“कसं उतरवू, मिस मेव्हिस? आल्या दिवशी संपतात.” हर्शेलची नजर वर झाली नाही.

तेवढ्यात मागच्या रांगेतला एक धिप्पाड गृहस्थ पुढे झाला. लाकूड गिरणीची टोपी, हातात दोन बेडूक. “तुम्हीच ना त्या? गढूळ पाण्यात कुठला रंग चालतो हो?”

“कुठलाच नाही. ठेवा ते परत,” ती म्हणाली. “काळं रबरी गांडूळ घ्या. पुढे हलकं शिसं लावा. सावली बघून टाका आणि बुडू द्या. ओढू नका. दोराकडे बघा. मासा मी त्याच्यावर पकडला होता. हा बेडूक खोटा आहे, आणि तुमच्या हातातलं ते चित्रही खोटं आहे.”

गृहस्थाने सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली. मग खिशातून पेन काढून पाकीट तिच्यासमोर धरलं. “यावर सही द्याल? बायको खूश होईल.”

मेव्हिसने पेन घेतलं. आपल्याच छापील दातांवर तिने ठळक अक्षरांत लिहिलं: ‘हा मासा यावर पकडलेला नाही. मेव्हिस थ्रॅशर.’

त्याने ते वाचलं, मांडीवर थाप मारली आणि खो-खो हसला. “वा! अगदी व्हिडिओत आहात तशाच आहात तुम्ही!” दोन्ही बेडूक घेऊन तो हसतहसत बाहेर पडला.

मेव्हिसही शिसं न घेताच बाहेर आली. ऊन रणरणत होतं, फुटपाथवर माणसं होती. जन्मात कधी केलं नव्हतं ते तिने केलं: भर बाजारात पचकन थुंकली. तोंडाची चव काही गेली नाही.