पाचव्या मजल्याची वायर

मी एक जुनी, बुटकी, पिवळी स्पोर्ट्स गाडी आहे. माझ्यात दोनच माणसं मावतात, आणि तीही जरा वाकून बसली तरच. मित्रांनो, काही गोडगोड ऐकायला मिळेल म्हणून जवळ आला असाल तर आधीच सांगते, परवा माझ्यावर जे प्रयोग झाले त्यांनी मी अजून वैतागलेली आहे.

माझ्या पहिल्या मालकाने मला मोठ्या हौसेने घेतलं आणि हौस फिटल्यावर एका गोदामात उभं करून ठेवलं. तिथे उंदरांनी माझ्या वायरी कुरतडून टाकल्या. मग एक दिवस लिफ्ट दुरुस्त करणारे एक गृहस्थ आले. त्यांनी माझा दरवाजा उघडला आणि उंदरांचा वास येत असूनही ते आत बसले. सगळे त्यांना लिफ्टवाले काका म्हणतात, म्हणून मीही काकाच म्हणते.

काकांनी मला घरी आणलं आणि माझ्या सगळ्या वायरी स्वतःच्या हाताने नव्याने घातल्या. पण कशा? तर कामावरून उरलेलं एक भलंमोठं बंडल त्यांच्याकडे होतं आणि ते सगळं लाल होतं. शहाणी माणसं प्रत्येक कामाला वेगळ्या रंगाची वायर वापरतात. माझ्या पोटात मात्र हॉर्न लाल, वायपर लाल, दिवेही लाल. काकू तेव्हाच म्हणाल्या होत्या, "अहो, प्रत्येकीला एकेक चिठ्ठी तरी बांधून ठेवा."

"मला माहीत आहे ना," काका म्हणाले. या एका वाक्याने पुढे माझा जीव खाल्ला.

तरी ते दिवस चांगले होते, हे मी नाकारत नाही. सुट्टीच्या दिवशी काका मला धूत, काकू शेजारी बसत, डॅशबोर्डमधला रेडिओ हळू आवाजात लावत आणि काकांना रस्ता सांगत. "पुढे डावीकडे घ्या." काका दर वेळी म्हणत, "हो, हो, दिसतंय मला." आणि मगच वळत. रस्त्यातली माणसं माझ्याकडे वळून बघत. मी उगाच थोडा जास्त आवाज करत असे.

काकू गेल्या. काकांनी रेडिओ काढून कपाटात ठेवला आणि त्या भोकावर प्लायवूडचा तुकडा ठोकला. माझ्यावर एक जाड कापड आलं. महिन्यातून एकदा काकांना त्यांच्या बहिणीकडे जायचं असलं की तेवढ्यापुरतं ते निघे.

मागच्या खेपेला आम्ही निघालो ते त्या नेहमीच्याच रस्त्याने. गोल चौकापाशी काकांनी मला कडेला घेतलं आणि इंजिन बंद केलं. कोणत्या रस्त्याला लागायचं ते त्यांना आठवेना. हात स्टिअरिंगवर ठेवून ते कितीतरी वेळ नुसते समोर बघत राहिले. मी तरी काय करणार? रस्ता मला पाठ होता, पण सांगायला तोंड नव्हतं. शेवटी त्यांनी मुलीला फोन केला.

"बाबा, एकतर गाडीत रस्ता दाखवणारं नेव्हिगेशन बसवू, नाहीतर चावी माझ्याकडे द्या," मुलगी म्हणाली. काकांनी नेव्हिगेशनला होकार दिला. चावी गेली तर मी कापडाखालीच गंजणार आणि काका खिडकीत बसून राहणार, हे दोघांनाही कळत होतं.

मग आला वायरिंगवाला. त्याने प्लायवूड काढला, आत हात घातला, आणि माझे हाल सुरू झाले. नेव्हिगेशनच्या नव्या पडद्यासोबतच्या कागदात लिहिलं होतं, लाल वायरीला जोडा. त्याने हाताला लागली ती लाल वायर जोडली. ती ब्रेकच्या दिव्याची निघाली. ब्रेक दाबला की पडद्यावर नकाशा, सोडला की अंधार! म्हणजे रस्ता बघायचा तर थांबून बघायचा. त्याने दुसरी लाल वायर पकडली. आता वायपर लावल्याशिवाय पडदा उजळेना. तिसऱ्या खेपेला फ्यूज उडाला आणि मी आंधळी, मुकी झाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण हॉर्नसुद्धा वाजवता येईना.

"हे सगळं उपटावं लागेल," तो कपाळावरचा घाम पुसत शेजारी उभ्या मुलीला म्हणाला. "खरं सांगू का ताई, हिच्यामागे लागू नका. विकून टाका."

काका कोपऱ्यात स्टुलावर बसून होते.  सकाळपासून त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. अहो, ज्याने वायरी घातल्या तो माणूस समोर बसलाय, आणि हे दोघं कागद उलटा करून बघतायत!

शेवटी मुलीच्याच डोक्यात उजेड पडला. "बाबा, यातली कुठली कशाची?"

काका लगेच उठले नाहीत. "हेही आठवलं नाही तर?" ते हळूच म्हणाले.

"नाही आठवलं तर नाही म्हणा. मी इथेच आहे."

काका आले, वाकले आणि डोळे मिटून त्यांनी माझ्यात हात घातला. त्यांची बोटं डावीकडून एकेका वायरीवरून सरकू लागली. "तळमजला, अर्थिंग. पहिला मजला, हॉर्न. दुसरा, वायपर. तिसरा, पुढचे दिवे. चौथा, ब्रेक." लिफ्टवाला माणूस! माझ्या पोटात त्याने इमारत बांधली होती आणि मला पत्ताच नव्हता. वायरिंगवाला एकेक तपासत गेला. सगळं बरोबर निघालं.

पुढच्या वायरीवर बोट थांबलं. "पाचवा," काका म्हणाले. "पाचव्यावर... नाही आठवत गं."

मुलीने बाजूला पडलेला प्लायवूडचा तुकडा उचलून पाहिला. मग म्हणाली, "रेडिओ असेल, बाबा. आईचा."

काकांनी डोळे उघडले. "हो. रेडिओच." वायरिंगवाल्याने तीच वायर जोडली, नवा फ्यूज घातला, चावी फिरवली, आणि पडदा उजळला तो उजळलेलाच राहिला.

मुलीने त्याच दुपारी प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधली. इतक्या वर्षांनी! मित्रांनो, तुमच्याही घरात कुठेतरी अशा सगळ्या लाल वायरी असतील आणि त्या ओळखणारं एकच माणूस असेल. ते स्टुलावर बसलेलं आहे तोवर त्याला विचारा, आणि चिठ्ठ्या बांधा. माझ्यासारखीला तीनदा झटके देऊन शिकू नका.

काल आम्ही बहिणीकडे गेलो. मुलगी शेजारी बसली होती. गोल चौक आला, काकांचा पाय जरा अडखळला आणि मीही श्वास रोखला. तेवढ्यात पडद्यातली बाई म्हणाली, "पुढे डावीकडे वळा."

"हो, हो, दिसतंय मला," काका म्हणाले, आणि वळले.