वाळूतलं गंजकं अंडं

सासूबाई किनाऱ्यावरच्या अभयारण्यात रक्षक होत्या, सत्तावीस वर्षं. पण सून त्यांच्याबरोबर फेरीला आज पहिल्यांदाच निघाली होती. तीही पाच वर्षांच्या लेकीने, भिंगरीने, घर डोक्यावर घेतलं म्हणून. सुनेच्या पिशवीत मलम, पट्ट्या, कपड्यांचे दोन जोड आणि एक शिट्टी.

"अगं, एवढ्या सामानात लोक समुद्र ओलांडतात," सासूबाई म्हणाल्या.

"असू द्या हो आई. वेळ काय सांगून येते?"

ओहोटी लागली होती. पुळणीवर जुन्या युद्धातले काँक्रीटचे बंकर कलंडून पडले होते, अर्धे वाळूत रुतलेले. ज्या फटींतून एकेकाळी बंदुका डोकावायच्या, तिथून आता पाकोळ्यांची पिल्लं चोची वासून बसली होती. सून बघतच राहिली. माणसांनी मारामारीसाठी बांधलं आणि पाखरांनी फुकटात संसार थाटला!

सासूबाईंना तर एकेका घरट्याची खबर, जशी काही भावकीच. "हे तिसरं बिऱ्हाड. नवरा आळशी आहे, बायको खमकी."

"म्हणजे आमच्यासारखंच."

"माझ्या मुलाला नावं ठेवू नकोस. ठेवायची तर मी ठेवीन."

पुढे गोट्यांच्या पट्ट्यात त्यांनी काठीच्या टोकाने नुसती दिशा दाखवली. सुनेला आधी गोटेच दिसले. मग त्यातले दोन गोटे ठिपक्याठिपक्यांची अंडी झाले. ती हरखून खाली वाकली. डोळ्यांत तेल घालून लेकीला जपणारी ती बाई, पण तेवढा वेळ तिची नजर हलली.

"आजी! माझं अंडं तुझ्यापेक्षा मोठंय!"

भिंगरी वीसेक पावलांवर, वाळूच्या टेकाडापाशी उकिडवी बसली होती. गेल्या आठवड्यातल्या वादळाने टेकाडाचा पायथा खरवडून नेला होता. तिच्या गुडघ्यांपुढे वाळूतून काहीतरी वर आलं होतं. हातभर लांब, टोकाला निमुळतं, गंजलेलं.

तोफगोळा.

सून धावणार, तोच सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. साठीची बाई, पण पकड पकडीसारखी. "एक पाऊलही टाकू नकोस. एक वर आलाय, खाली आणखी किती आहेत कुणास ठाऊक. तू धावलीस की तीही धावेल."

मग त्या भिंगरीशी बोलल्या, ते अगदी जेवायला हाक मारावी तशा आवाजात. "हात लावलास का गं?"

"नाही! तूच सांगतेस ना, अंड्याला हात लावायचा नाही, आई रागावते त्याची."

"शहाणी ती माझी बाय. आता हळूच उभी राहा. मागे वळ. तुझी पावलं उमटलीत ना वाळूत? त्यातच पाय ठेवत ये. बाहेर पडलीस तर आउट."

भिंगरी जीभ बाहेर काढून, मन लावून यायला लागली. मध्येच तोल गेला. एक पाय हवेत. सुनेच्या ओठांपर्यंत किंकाळी आली, ती तिने दातांखाली दाबली. सासूबाई म्हणाल्या, "बगळ्यासारखी उभी राहा बघू. हां, आता ठेव." पोरगी शेवटची दोन पावलं टाकून आईच्या अंगावर कोसळली.

"आई, सोड ना, गुदमरतेय मी!"

सासूबाईंनी दोघींना आल्या वाटेने मागे नेलं, पार बंकरच्या आडोशाला. बॉम्बनाशक पथकाला फोन लावला, जागा नेमकी सांगितली, वाटेवर आडवी लाल फीत बांधली. एका शब्दाची घाई नाही. सून थक्क होऊन बघत होती. आपण रोज शंभर संकटं मनात रंगवतो. ह्या बाईने एक खरं संकट कसं हलक्या हाताने परतवलं!

मग सासूबाईंनी पाण्याची बाटली उघडायला घेतली. झाकण काही केल्या फिरेना. त्यांची बोटं लटलट कापत होती.

"आई, तुम्हीसुद्धा?"

"मी काय लोखंडाची आहे? पण तिच्यासमोर कापायला सवड होती का?"

सुनेने बाटली घेतली, उघडली आणि आधी त्यांना पाजली. तेवढ्यात लांबून एक जोडपं कुत्र्याला घेऊन फितीकडे येताना दिसलं.

"तुम्ही बसा," सून म्हणाली. भिंगरीचा हात तिने सासूबाईंच्या हातात दिला आणि ती वाट अडवायला निघाली.