भिंतीपलीकडचं वायफाय

पोरगं पुण्याहून आठ दिवसांसाठी आलं, अन् बॅगेतून कपडे काढायच्या आधी त्यानं लॅपटॉप काढला. मी गॅसवर भरली वांगी ठेवली होती. "कुशल, हातपाय तरी धू गा," म्हटलं, तं म्हणे, "थांब आई, आधी तुमचं वायफाय पाहतो. सेफ आहे का नाही."

घरच्या वायफायले काय धाड भरली? नंदनवन वस्तीत आमचं घर, गल्लीत सारे ओळखीचे. पण ह्या पोराची कंपनीच तशी. स्टेशनवरचं फुकटचं नेट त्यानं घेतलं नाही म्हणे, गाडीत स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम केलं. लॅपटॉपनं आपल्या मनानं कोणत्याही नेटले जुळू नये म्हणून ते बटणही बंद करून ठेवलं. हॉटेलचं नेट नको, चहावाल्याचं नको. मी म्हटलं, बाप्पा, एवढं सोवळं तं माया सासूनंही नाही पाळलं.

पण आमच्या घरात मोबाइलले रेंजच नाही, तं घरचं नेट घेणं आलं. त्यानं पासवर्ड विचारला.

"चंपत, अन् पुढे एक दोन तीन चार," कुशलच्या बाबांनी सांगितलं.

कुशलनं डोक्याले हात लावला. "बाबा, शेजाऱ्याच्या नावाचा पासवर्ड कोणी ठेवते का?"

आता त्याचं असं आहे. चंपतराव आमच्या भिंतीपलीकडे राहतात. ह्यांचे अन् त्यांचे माग एकाच छपराखाली होते, दोघांनी सोबत लुगडी विणली; ते ह्यांले बाबन म्हणत. माग बंद पडले, हे कारखान्यात लागले, ते इतवारीत कापडाच्या दुकानात, पण रोजचा चहा काही सुटला नाही. घरी वायफाय आलं तेव्हा ह्यांले दुसरं नावच आठवलं नाही. मंग आमच्या पोरीचं, दामिनीचं लग्न झालं. मांडवात मानाच्या टोपी-दुपट्ट्यासाठी साऱ्यांची नावं पुकारली, अन् त्या गर्दीत नेमकं चंपतरावचं राहिलं. ते भरल्या ताटावरून उठून गेले. तेव्हापासून दोन वर्षं झाली, अबोला. हे म्हणत, मी काहून जाऊ? ते म्हणत, त्यानं यावं. मी अन् गोपिका, म्हणजे त्यांची बायको, कपडे वाळू घालताना चोरून बोलून घेत होतो. मले एकच भेव होतं. दोघांचीही सत्तरी आली, हे असेच न बोलता जातीन एखाद्या दिवशी.

बोलणं तुटलं, पण नेट नाही तुटलं. चंपतरावचा टीव्ही आमच्याच नेटवर चालत होता. त्यांले ऐकू कमी येते, म्हणून रोज संध्याकाळी मोठ्या आवाजात खडी गंमतीचा तमाशा लावत. आमचे हे भिंतीले खुर्ची लावून चहा पीत ऐकत बसत. कोणी कोणाले काही म्हणत नव्हतं.

"आई, अर्धी गल्ली जुळून आहे ह्याच्यावर!" कुशल ओरडला.

"मंग? पाण्याले अन् नेटले कोणाले नाही म्हणते का?"

"अवं, ह्यातला एक जरी चोरटा निघाला तं माया ऑफिसचं काम उघडं पडते." अन् त्यानं पासवर्ड बदलून टाकला. नवा कसा, तं मंत्रासारखा, पाठ होता होत नाही.

दुपारी बाजूची प्रमोदिनी दारात आली. "काकू, आमचं काही चुकलं का?" मी हसण्यावारी नेलं. पण संध्याकाळी माहं हसू गेलं. ह्यांनी खुर्ची लावली, चहा घेतला, अन् भिंत मुकी. चहा तसाच निवला.

"काहून वं, तिकडे सामसूम? तब्येत बरी आहे ना त्याची?"

मी तशीच उठली. मागच्या दारी गेली तं गोपिका वर पाहीना. "राहू दे वं वच्छला. हे म्हणतात, बाबननं इतके दिवस माया नावाचा पासवर्ड बदलला नाही, तं वाटे, त्याच्या मनात मी आहो. आज तेही तोडलं."

मी येऊन जसंच्या तसं सांगितलं. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. मंग पोरावर भडकले, "कोणाले विचारून बदलला बे?"

"बाबा, सिक्युरिटी..."

"चुलीत गेली तुयी सिक्युरिटी!"

मंग मी पण पेटली. "त्याच्यावर कायले ओरडता? मागावर धागा तुटला तं माग थांबवून आधी गाठ मारत होते ना तुम्ही? मंग दोन वर्षं कोणाची वाट पाहून राहिले?"

हे उठले. कुशलचा मोबाइल हातात घेतला, भिंतीपाशी गेले अन् ओरडले, "चंपत! रिमोट घे! मोठा क्यू!"

पलीकडून खाकरल्याचा आवाज आला. "इतक्या दिवसांनी बोलला, अन् हे काय बोलून राहिला?"

"नवा पासवर्ड आहे! मोठा क्यू, मंग सात, मंग हॅश!"

"हॅश काय राहते?"

ह्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. मंग एकदम म्हणाले, "अबे, आपली चौकडी! दोन धागे उभे, दोन आडवे!"

"असं सांग ना मंग, बाबन्या!" अन् चंपतराव हसले. खोकत खोकत हसले. माये तं डोळेच भरून आले.

तिकडे फाटकापाशी प्रमोदिनी मोबाइलवर बोटं चालवून राहिली होती, समोरच्या छतावरही दोघंतिघं उभे. "झालं! साऱ्या गल्लीले कळलं!" कुशल म्हणाला. मंग स्वतःच हसला. "जाऊ द्या. पाहुण्यांसाठी वेगळं नेट काढून देतो. गल्ली त्याच्यावर, माया लॅपटॉप दुसऱ्यावर. ह्याचा त्याले धक्का नाही."

"हे सकाळी नाही सुचलं का तुले?" मी म्हटलं.

"बाबन्या," भिंतीपलीकडून आवाज आला, "माया टोपी-दुपट्टा?"

हे आत गेले, कपाटातल्या आपल्या कपड्यांच्या खालून एक पुडकं काढलं. दामिनीच्या लग्नातलं. मले वाटे, कोणाले तरी देऊन टाकलं असंन. मी हात पुढे केला, "आणा, देते गोपिकाजवळ भिंतीवरून."

"मानाचा आहेर भिंतीवरून देते का वं कोणी?" म्हणाले, अन् चपला घालून निघाले.

"बाबा, थांबा! पाहुण्यांच्या नेटचा पासवर्ड काय ठेवू?"

"चंपत."

"अहो, कोणीही ओळखंन ना!"

"ओळखू दे," हे म्हणाले, अन् फाटक उघडून शेजारी गेले.