डिझेल लाइनमधली हवा

सरकारी कार्यालयातून आलेला मानपत्राचा मसुदा माहेनूरनं गॅरेजमध्ये मोठ्यानं वाचला. “गोळीबारात बस चालवून एकतीस प्रवाशांना सुखरूप बाहेर काढणारे दिवंगत जहीर...”

“थांब,” भिमाजीकाका म्हणाले. चिखलीतल्या या गॅरेजात ते तिच्या अब्बांचे वीस वर्षांचे भागीदार. “त्यानं चालवली आन् एकतीसच्या एकतीस वाचले? पोरी, तुझ्या बापाला साधी गाडी मागं घेता येत न्हवती.”

कनीज ओढणीत तोंड लपवून हसली. नवरा गेल्यापासूनच्या वर्षात माहेनूरनं आईला असं हसताना पाहिलं नव्हतं.

घडलं होतं ते वेगळंच. चाकणहून माल घेऊन निघालेल्या ट्रकसोबत जहीर मेकॅनिक म्हणून सीमेकडच्या एका गावात गेला होता. तोफांचा मारा सुरू झाला आणि गावकऱ्यांना घेऊन निघालेली बस त्याच्यासमोरच बंद पडली. डिझेलच्या नळीत हवा शिरली होती. त्यानं फिल्टरचा स्क्रू सैल केला, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारला, स्क्रू आवळला. बस सुरू झाली. तो चढायच्या आत त्याच्याजवळ गोळा पडला; बस मात्र एकतीस जणांना घेऊन निसटली.

“राहू दे गं,” कनीज म्हणाली. “चालवली म्हटलं की शूर वाटतं.”

“अम्मी, चालवणारा निदान पुढे तरी जात असतो. अब्बा एका जागी उभे होते.”

“व्हय,” भिमाजीकाका म्हणाले. “आन् घाई केली तर हवा ऱ्हातीच आत. पुन्हा पहिल्यापासनं.”

माहेनूरनं बसच्या ड्रायव्हरकडून लेखी जबाब मागवला आणि दुरुस्तीसह कार्यालयात नेऊन दिला. कारकून म्हणाला, “छापायला गेलंय. बघतो.” त्या ‘बघतो’वर तिनं आठ दिवस काढले.

समारंभाला पिंपरीच्या सभागृहातल्या मागच्या चार रांगा मेकॅनिकांनीच भरल्या होत्या. अधिकारी मानपत्र वाचू लागले तशी माहेनूरनं खुर्चीची कड घट्ट धरली.

“...तोफमाऱ्यात बंद पडलेल्या बसच्या डिझेल लाइनमधली हवा काढून...”

अधिकारी ‘शौर्य’ शब्दाकडे निघाले होते. टाळ्या तिथं पडतील असा त्यांचा हिशेब असावा. पण मागच्या चारही रांगा इथंच उठल्या. टाळ्या, शिट्ट्या, बाकं बडवणं.

“हातपंपानं, साहेब,” भिमाजीकाका मागून म्हणाले. “तेबी सांगा.”

“हातपंपानं,” अधिकाऱ्यांनी माइकवर सांगितलं आणि कागद खाली घेऊन हसत थांबले.

कनीजचं नाव अजून पुकारलंच नव्हतं. ती मात्र मंचाच्या पायऱ्या चढूनही गेली होती.