भागोजीचा राहिलेला दुसरा अंक

प्रगतीचं पत्र मला २०१७च्या जानेवारीत आलं. वहीचं एक पान, निळी शाई, खाली पूर्ण नाव आणि गाव झरी, तालुका तलासरी. मी ते इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. उत्तर मात्र दिलं नाही. जवळजवळ तीन वर्षं नाही.

तिनं विचारलं होतं, 'सर, नाटक बंद का झालं? आमचं काही चुकलं का?' आणि खाली, 'पाड्यावर सगळे विचारतात, भागोजी पुढे बोलला का. मी सांगते, पण सांगून हसू येत नाही. माझ्याकडे फक्त माझी वाक्यं आहेत. दुसरा अंक पाठवाल का?'

हा भागोजी एका जुन्या, गाजलेल्या प्रहसनातला म्हातारा. घरची माणसं आपल्याविषयी काय बोलतात ते कळावं म्हणून बहिरेपणाचं सोंग घेऊन गप्प बसणारा. डहाणूच्या एका शाळेत मी तीस वर्षं पुस्तकांवर शिक्के मारले. निवृत्तीनंतर मला वाटलं, वाटायला नको होतं, की याचं संगीत नाटक होईल. बहिऱ्यासमोर लोक काहीही बोलतात, मग गायलाच काय हरकत? नऊ पदं लिहिली. त्यांतली दोन बरी असावीत.

आमच्या गावात हौशी मंडळींना घेऊन नाटकं बसवणाऱ्या तुषारनं ती वाचली. "काका, पेटी-तबला नको. तारपा घेऊ." झरीहून त्यानं तारपा, म्हणजे भोपळ्याचं ते लांब फुंकवाद्य, वाजवणारे सुकऱ्या आणले. त्यांची पुतणी प्रगती मोलकरणीचं काम करू लागली, आणि पाड्यावरची आणखी सातजणं नाचायला आली.

तालमीत सुकऱ्या समोर, तुषारच्या शेजारी उभे राहत. प्रयोगाच्या दुपारी मात्र तुषारनं रंगमंचाच्या मागच्या बाजूला त्यांच्यासाठी चौथरा ठोकून घेतला. वर दिवा. दिसायला फार छान. पण नाचणारे तारप्याला पाठ दाखवत नाहीत, हे मी वाचलं होतं, भातकापणीनंतर पाड्यांवर पाहिलंही होतं. तुषारला सांगायला मी दोनदा गेलो. पहिल्यांदा तो फोनवर होता. दुसऱ्यांदा मी त्याला चहा हवा का, विचारून परत आलो.

पडदा उघडला, तारपा घुमला, आणि आठही जण सुकऱ्यांकडे वळले. डहाणूकरांना दिसल्या आठ पाठी.

"अरे, मोढुं तो बतावो!" तिसऱ्या रांगेतून कुणीतरी गुजरातीत ओरडलं, तोंड तरी दाखवा. सभागृह हसलं. विनोदी नाटकात हसू हवंच असतं, पण ते हे नव्हे.

"पुढे बघा! पुढे!" विंगेतून तुषार दात-ओठ खात होता. प्रगतीनं तेवढी मान वळवली. बाकी कुणी हललं नाही. मध्यंतरानंतर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

आठवड्यानं दुसरा प्रयोग, तलासरीजवळच्या एका मैदानात, दुपारी. या वेळी चौथरा नाही. सुकऱ्या मधोमध, लोक चहूबाजूंनी. पहिला अंक असा रंगला की मी हे लिहिलंय यावर माझाच विश्वास बसेना. अंकाच्या शेवटच्या गाण्यात भागोजी कानावर हात धरून बसतो आणि सगळे त्याच्याभोवती नाचतात. गाणं संपलं, पण सुकऱ्या थांबले नाहीत. प्रेक्षकांतल्या दोन बाया उठल्या, कमरेला हात घालून साखळीत शिरल्या. मग दहा, मग पन्नास माणसं.

मैदान सहाला रिकामं करून द्यायचं होतं. साडेचार वाजले, पाच वाजले. माझा अख्खा दुसरा अंक राहिला होता. तुषार कुठे दिसेना. ज्यानं जन्मात माईक हातात धरला नव्हता, तो मी पुढे झालो आणि म्हणालो, "थांबा, थांबा! कृपया बसून घ्या. नाटक अजून बाकी आहे."

तारपा थांबला. हात सुटले. कुणी रागावलं नाही, सगळे मुकाट्यानं बसले. थोड्या वेळानं एकेक जण उठला, कपड्यांवरची माती झटकून घराकडे निघाला. दुसरा अंक कुणासमोर करणार?

"काका, हे काय केलंत तुम्ही?" तुषार एवढंच म्हणाला. तिसरा प्रयोग त्यानं रद्द केला. म्हणजे झाले दीड.

यावर प्रगतीला काय लिहायचं? चूक माझी होती, एवढंच. ते लिहवेना. मी स्वतःला सांगत राहिलो की आधी अंक दुरुस्त करू, मग पाठवू. चारदा बदलला. एकात भागोजी लगेच बोलतो, एकात शेवटी, एकात बोलतच नाही. प्रत्येक वेळी आधीचाच बरा होता.

गेल्या महिन्यात डहाणूच्या बाजारात चिकू घेत होतो.

"मास्तर! ओलखलं का?"

सुकऱ्या. मी कधी कुणाला शिकवलं नाही, तरी ते मला मास्तरच म्हणतात. चिकूच्या ढिगामागे लपता आलं असतं तर लपलो असतो.

"तुमचा भागोजी करतो आमी दर साली. नवा भात आला का."

"पूर्ण?"

"पूर्ण कुठला? दुसरा अंक नाय ना आमच्यापाशी."

"मग शेवट?"

ते हसायला लागले. "शेवटाला तुमी येता."

"मी?"

"आमचा भिका येतो, तुमी बनून. चष्मा लावून, हातात मक्याचं कणीस. 'थांबा, थांबा! कृपया बसून घ्या!' मंग सगली त्याच्यामागं धावतात, नाचात ओढायला. तो पलतो, चष्मा पडतो. पोरं लोलतात हसून."

माझे कान तापले. नऊ पदं लिहिली मी, आणि हशा कशाला, तर मक्याच्या कणसाला.

"राग आला, मास्तर?"

"नाही."

"प्रगती म्हनते, मास्तर रागावलं, म्हनून तर कागद नाय आला."

तीन वर्षं ती मुलगी असं समजून बसली होती. चिकू तिथेच राहिले. घरी जाऊन चप्पल न काढता लिहायला बसलो.

'प्रगती, तुमचं कुणाचं काही चुकलं नाही. माईक मी घ्यायला नको होता. मी रागावलो नव्हतो, लाजलो होतो. दुसरा अंक पाठवतो, अगदी पहिल्यांदा लिहिला होता तोच. यात भागोजी बोलतो, जरा उशिरा. पटलं नाही तर बदला. भिकाचा प्रवेश मात्र काढू नका.'

पोस्टातल्या बाईंनी पाकीट काट्यावर ठेवलं.

"रजिस्टर? आत काय आहे?"

"नाटक आहे. अर्धं."

"अर्धंच?"

"बाकीचं तिकडे आहे," मी म्हणालो. त्यांनी शिक्का मारला.