रविवारची करी

"नोझावासान, तुम्ही आम्हाला विष घालायच्या विचारात आहात का?"

हे मी जपानीत विचारलं, मोठ्यानं, चर्चच्या स्वयंपाकघरात, अर्धा सोललेला कांदा हातात धरून. दारामागे माझ्या मैत्रिणी, पूर्वी आणि मिओ, एकमेकींचे दंड धरून उभ्या होत्या. पैज त्यांचीच. "तुझ्याच्यानं होणार नाही," असं पूर्वी म्हणाली होती, आणि यंदा हे वाक्य मला कुणी ऐकवायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं. मागच्या वर्षापर्यंत मी कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानात 'पिशवी नको' हेसुद्धा मान हलवून सांगायचे. आता मी दाताच्या डॉक्टरशी वाद घालते.

नोझावासाननी कोबी चिरणं थांबवलं नाही. त्या पंचाहत्तरीच्या पुढच्या, माझ्या खांद्याएवढ्या, आणि त्यांना हसताना आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं.

"कशावरून म्हणतेस?"

"फ्रीझरमध्ये छोट्या पिशव्या आहेत. प्रत्येकीत थोडं थोडं सूप, वर तारीख. मिओ म्हणते पोलिसांना द्यायला पुरावा आहे."

"मिओ हुशार आहे," नोझावासान म्हणाल्या. "पुरावाच आहे तो."

दारामागची खुसखूस बंद झाली.

मग त्यांनी सुरी पुसली आणि सांगितलं. त्यांचं सगळं आयुष्य इथल्याच एदोगावा भागातल्या शाळांच्या स्वयंपाकघरांत गेलं. शाळेत मुलांसाठी जे जे शिजेल त्यातलं थोडं थोडं पिशवीत भरायचं, तारीख घालायची आणि दोन आठवडे गोठवून ठेवायचं, हा नियम. कुणी आजारी पडलं तर ती पिशवी तपासायला जाते. दोन आठवडे झाले की फेकायची.

"मग तुमच्या जेवणानं कुणी आजारी पडलं?"

"नाही."

"एकदाही नाही? मग अजून कशाला ठेवता? इथे तर आपण पंधरा माणसं!"

"पंधरा माणसांना पोटं नसतात का? कांदा चिर. तो हातात धरायला दिलेला नाही."

पैज मी जिंकले. पूर्वीनं मला स्टेशनजवळ मेलनपान नावाचा गोड पाव खायला घातला. म्हणजे घालणार होती. लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात, मी गोड सोडलंय हे मला दुकानात शिरल्यावर आठवलं, आणि माझ्या पैजेचा पाव तिनंच खाल्ला.

आमचं चर्च फुनाबोरी स्टेशनपासून चालत जाण्याजोगं आहे. एपिस्कोपल, म्हणजे नगरला माझी आजी जाते त्याच घराण्यातलं. म्हणून बाबांच्या बँकेनं आम्हाला इथे पाठवल्यावर आईनं घराच्या आधी चर्च शोधलं. नगरला रविवारी बाकांवर जागा मिळत नाही. इथे प्रत्येकाच्या वाट्याला एक अख्खा बाक येतो. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लागली की वेदीवरची फुलं जातात, जांभळं कापड येतं, आणि ईस्टरपर्यंत कुणी हालेलूया म्हणत नाही. तेवढ्या दिवसांत दर बुधवारी संध्याकाळची उपासना झाली की सगळे मिळून साधं सूप आणि पाव खातात. ते सूप नोझावासानचं. पूर्वी खरं तर सिद्धिविनायकवाली, पण तिचा क्लास सात वाजता शेजारच्याच गल्लीत सुटतो. "मी हिंदू आहे," ती म्हणते, "पण सूपच्या बाबतीत सर्वधर्मसमभाव."

तिसऱ्या बुधवारी मिओच्या बाबांनी, म्हणजे आमच्या चर्चचे पाद्री ओकादा सेन्सेइ यांनी, पाव मोडता मोडता सांगितलं, "नोझावासान ईस्टरनंतर चिबाला चालल्या आहेत. ज्येष्ठांच्या निवासात."

जपानी लोक अशा वेळी म्हणतात ते 'आआ' सगळ्यांच्या तोंडून एकदम निघालं आणि चमचे पुन्हा सुरू झाले. मला राग आला. मी उभीच राहिले.

"मग सामान बांधायला मी येते! मला शनिवारी सुट्टी असते."

आईनं टेबलाखालून माझा कुर्ता ओढला. घरी येताना सायकल हातात धरून ती मला म्हणाली, "अगं, असं चारचौघांत नाही गं विचारायचं. त्यांना नको म्हणता येत नाही मग."

"त्या नको म्हणाल्याच नाहीत."

"तेच सांगतेय मी."

पण शनिवारी मी गेले. नोझावासान सरकारी वसाहतीत चौथ्या मजल्यावर राहत, लिफ्ट नाही. दोन खोल्या. भिंतीवर क्रूस, आणि त्याच्याखाली एका मुलाचा फोटो: रुंद कपाळ, कुरिअर कंपनीची टोपी, डोळे फोटो काढणाऱ्यावर हसणारे. मी पातेली वर्तमानपत्रात गुंडाळत होते आणि तोंड चालूच होतं. शाळा, क्षितिज नावाचा एक अत्यंत आगाऊ मुलगा, गणित. त्या मधूनमधून "हं" म्हणत होत्या. शेवटी म्हणाल्या, "घसा सुकला असेल. बर्फ घे."

मी फ्रीझर उघडला. बर्फाचा ट्रे, मटार, आणि अगदी मागे एकच छोटी पिशवी, पांढऱ्या हिमानं माखलेली. मी बोटानं पुसलं. आत तपकिरी काहीतरी. वर 'रविवार, करी' आणि तारीख. आम्ही जपानला यायच्याही कितीतरी आधीची.

"नोझावासान!" मी ओरडले. मला भयंकर आनंद झाला होता. त्यांची एकतरी चूक सापडली. "ही टाकायची राहिली की तुमची! दोन आठवडे म्हणता आणि..." आणि मी पायानं कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं.

त्या खोलीतून कशा आल्या ते मला कळलं नाही. त्यांनी माझ्या हातातली पिशवी दोन्ही हातांनी घेतली. ओढली नाही, घेतली. परत आत ठेवली, मटारच्या मागे, आणि दार लावून त्यावर तळहात दाबून उभ्या राहिल्या.

"ती शुइचीच्या वेळची आहे."

मग ओट्याला टेकून त्यांनी थोडक्यात सांगितलं. शुइची म्हणजे फोटोतला. एकुलता. ग्योतोकुला एकटा राहायचा, पार्सलं पोचवायचा. रविवारी उपासना झाली की इथे जेवायला यायचा. त्या रविवारी करी होती. दोनदा वाढून घेतली आणि आपल्या घरी गेला. सोमवारी कामावर गेला नाही. कंपनीनं घर उघडवलं. डॉक्टर म्हणाले, हृदय.

"नमुना घरीही ठेवायचे मी. हाताला सवय. दोन आठवड्यांनी टाकायचे." त्यांनी तळहात काढला. "पुढच्या घरी लहान फ्रीजसुद्धा नाही. खोलीत चहाचा थर्मास तेवढा ठेवू देतात."

मी जिना उतरू लागले. दुसऱ्या मजल्यापर्यंत मला सगळं समजलं होतं. म्हणजे समजलं असं वाटलं. बिचाऱ्या इतकी वर्षं मनात धरून बसल्या आहेत की आपल्या हातच्या जेवणानं मुलगा गेला! नमुना ठेवतात तो तपासायला. मग तपासायचा! आणि पूर्वीचे बाबा, धीरजकाका, इथल्या विद्यापीठात अन्नातल्या जिवाणूंवरच तर काम करतात.

"होईल की तपासून," धीरजकाका म्हणाले. ते पोहे खात होते. "इतक्या वर्षांनी सगळं नाही कळणार, पण काहीतरी हाती लागेल. त्यांनी विचारलंय का तसं?"

"त्या कशा विचारतील काका? जपानी माणसं कुठे विचारतात?"

"हं," काका म्हणाले, आणि पूर्वीकडे बघितलं. पूर्वी मला म्हणाली, "अक्षू, आमच्याकडे अस्थीसुद्धा घरात ठेवत नाहीत. लगेच विसर्जन. मला तर ऐकूनच कसंतरी होतंय."

"म्हणूनच तपासून मोकळं करायचं ना त्यांना!"

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी इथे झावळ्या नसतात. सोतेत्सु नावाच्या झाडाची पानं असतात, हिरवीगार आणि टोकाशी काट्यांची. ती हातात धरून आम्ही अंगणाला फेरी घातली, मागच्या इमारतीतल्या एका आजोबांनी गॅलरीतून आमचा फोटो काढला, आणि चहाच्या वेळी मी नोझावासानना शोधून काढलं. त्या स्वयंपाकघरात पानांचे देठ कापत होत्या. मी त्यांना सगळं एका दमात सांगितलं. प्रयोगशाळा, धीरजकाका, कुणाला कळणार नाही, मी स्वतः बर्फाच्या डब्यातून नेईन. "आणि मग तुम्हाला नक्की कळेल की ती करी चांगली होती!"

त्यांनी कात्री खाली ठेवली.

"आकु-चान," त्या मला असंच म्हणतात, "डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं. त्याच्या वडलांचंही तसंच झालं होतं. मला पटलं होतं."

"मग ठेवलीत कशाला?"

"सोमवारी दुपारी मी उरलेली करी खाल्ली," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी करी जास्त चांगली लागते. मग पातेलं घासलं. त्याची ताटली राहिली होती, तीही घासली. फोन संध्याकाळी आला."

त्या इतक्या साध्या आवाजात बोलत होत्या की मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यानं खाल्लेलं सगळं त्यांनी आपल्या हातांनी धुऊन टाकलं होतं, आणि तेव्हा तो गेलेला होता, आणि त्यांना ठाऊक नव्हतं. राहिली ती तेवढी एक पिशवी.

माझ्या हातातलं काटेरी पान मी ओट्यावर ठेवलं.

दारात ओकादा सेन्सेइ होते. त्यांनी ऐकलं असावं. हळूच म्हणाले, "नोझावासान, अंगणात पुरायला जागा आहे. नाहीतर पुढच्या वर्षी ही पानं जाळू तेव्हा त्यांच्याबरोबर..."

"सेन्सेइ, ती राख सगळ्यांच्या कपाळाला लागते." नोझावासान थोडं हसल्या. मी पाहिलं, खरंच हसल्या. "लोकांच्या कपाळावर करी? नको. अन्न आहे ते. अन्न टाकायचं ते जाळायच्या कचऱ्यात, मंगळवारी, सकाळी आठच्या आत."

सेन्सेइंनी मान लववली आणि ते गेले.

नोझावासान पानांचे देठ गोळा करू लागल्या. मी कचऱ्याची पिशवी धरली. मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मागचे दोन मंगळवार ती करी खाली नेली. परत आणली."

"का?"

"कावळे. कचऱ्यावरच्या जाळीखाली ठेवली तरी चोच घालून ओढतात, रस्त्यावर पसरतात. गाडी यायला नऊ वाजतात. तोवर उभं राहिलं तर शेजारचे येता-जाता 'सुप्रभात' म्हणतात, 'काय झालं, काही हरवलं का' विचारतात. एकटी बाई कचऱ्याजवळ उभी." त्यांनी हात पुसले. "या मंगळवारी नक्की. बुधवारी फ्रीज न्यायला माणूस येतोय."

"मी येऊ?" हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण मला आईचा टेबलाखालचा हात आठवला. त्यांना नको म्हणता येत नाही मग. मी विचारलं नाही. देठांच्या पिशवीला गाठ मारली, बाहेर नेऊन ठेवली, आणि घरी आले.

सोमवारी संध्याकाळी जेवताना बाबांनी दोनदा विचारलं, "बरी आहेस ना गं?" भात तसाच होता.

"उद्या पहिल्या तासाला गणिताची टेस्ट आहे तिची," आई म्हणाली. "टेन्शन आलंय."

"दहावीचं वर्ष, येणारच. सकाळी मी सोडतो स्टेशनपर्यंत, सात वीसला निघू."

मी चमचा खाली ठेवला. आवाज मोठा निघेल असं वाटलं होतं, तो तसा निघाला नाही.

"बाबा, उद्या मी शाळेत उशिरा जाणार आहे. टेस्ट बुडेल, मी मॅडमना सांगितलंय. उद्या सकाळी नोझावासान कचरा टाकायला खाली उतरतील, आणि गाडी येईपर्यंत मी त्यांच्या शेजारी उभी राहणार आहे. त्यांना विचारलेलं नाही. विचारणारही नाही. आणि आई, मला तुझा अंत्यविधीला घालायचा काळा कोट लागेल."